ख्रिस्ती लेखकाचे मराठीपण उसने नाही

आमच्या कोल्हार-राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात, चहाच्या टपरीवर आणि महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्येही, काही ठरावीक मते वर्षानुवर्षे ऐकू येतात. ख्रिस्ती माणसाने मराठीत कादंबरी किंवा कविता लिहिली तरी ते वाङ्मय नव्हे, तो धर्मप्रचार, हे पहिले. त्याने अभंग रचला, हातात चिपळ्या घेऊन कीर्तन केले, तर ती भोळ्या माणसांना गळाला लावण्याची युक्ती, हे दुसरे. तिसरे मत बाहेरून येत नाही. ते मंडळीतल्याच काही वडीलधाऱ्यांचे असते: विश्वासणाऱ्याने सिनेमा, तमाशा, कीर्तन यांच्या नादी लागू नये, हे सारे जगाचे आहे आणि जगाचे ते प्रभूचे नाही.

ही मते मांडणारी माणसे एकमेकांना ओळखतही नसतील, पण त्यांचा आग्रह एकच आहे. माणसाची श्रद्धा एका कप्प्यात, रोजचे जगणे दुसऱ्यात आणि आवडीनिवडी तिसऱ्यात असतात, असे ते धरून चालतात. ख्रिस्ती लेखकाने तर फक्त पहिला कप्पा वापरावा, असा त्यांचा हुकूम आहे. हा हुकूम मला मान्य नाही. मराठी ख्रिस्ती लेखकाची श्रद्धा, त्याचा संसार आणि त्याची करमणूक ही एकाच मातीतली आहेत. ती वेगळी काढायला गेलात तर मराठी साहित्याचा एक मोठा भाग हातातून निसटतो.

पहिला आक्षेप सर्वांत जुना आहे, म्हणून तो आधी घेतो. बाबा पद्मनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याची नोंद होते. नोंद होते खरी, पण लगेच पुस्ती जोडली जाते की हे पुस्तक म्हणजे कादंबरीच्या वेषातली मिशनरी पुस्तिका आहे. पुस्तकातल्या उणिवा मी झाकत नाही. पात्रे मधूनच भाषण करू लागतात. शेवटी विधवेच्या दुःखावरचा उपाय म्हणून लेखक ख्रिस्ती धर्माकडे बोट दाखवतो. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत एकेका विधवेची कहाणी त्यांच्या कानावर पडते, पुढे यमुनेवरच वैधव्य येते, ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखकाचा हेतू उघड आहे आणि तो त्याने लपवलेलाही नाही.

आता त्या काळातली बाकीची पुस्तके शेजारी ठेवा. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. त्यांत अद्भुत आहे, राजघराणी आहेत, विरह आणि योगायोग आहेत. वाचकाला त्या आवडल्या यात शंका नाही. पण आपल्या घरातली माजघरात बसलेली, केस उतरवलेली, एकवेळ जेवणारी बाई मराठी कथेत आधी कोणी आणली? पद्मनजींनी. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक आले. कायद्याने परवानगी दिली तरी त्या परवानगीची गरज कोणाला आहे, तिचे तोंड कसे दिसते, ती रात्री काय विचार करते, हे सांगायला कथाच लागते. ते काम या पुस्तकाने केले.

त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १८९० साली, हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला सुरुवात केली. या कादंबरीला आपण मराठी सामाजिक कादंबरीचे शिखर मानतो आणि ते योग्यच आहे. तिची नायिका कोण? यमू. तिचे दुःख काय? वैधव्य आणि केशवपन. हरिभाऊंची कला पद्मनजींहून कितीतरी मोठी आहे हे मान्य. पण विषय तोच आहे, तळमळ तीच आहे आणि वाचकाला समाजसुधारणेकडे वळवण्याचा हेतूही तितकाच उघड आहे. मग हरिभाऊंच्या हेतूला आपण समाजहित म्हणतो आणि पद्मनजींच्या हेतूला प्रचार म्हणतो, तो कोणत्या न्यायाने? लेखकाच्या हेतूवरूनच पुस्तकाला बाद करायचे ठरवले तर साने गुरुजींचे काय करायचे, दलित आत्मकथनांचे काय करायचे? कलाकृती कच्ची असेल तर कच्ची म्हणा. पण लेखकाचा धर्म पाहून निकष बदलू नका.

पद्मनजींची श्रद्धा त्यांच्या मराठीच्या आड आली का, तेही पाहू. ते बेळगावचे, जन्म १८३१चा, बाप्तिस्मा १८५४चा. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी मराठी सोडली नाही, उलट तिच्यात अधिक खोल उतरले. १८६० साली त्यांनी मराठी समानार्थी शब्दांचा ‘शब्दरत्नावली’ हा कोश केला, मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली, नियतकालिके चालवली आणि लहानमोठी शंभराच्या घरात पुस्तके लिहिली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपले बालपणीचे घर आणि त्या घरातला धर्माचार बारकाईने लिहून ठेवला आहे. जे सोडले तेही नीट नोंदवणारा हा लेखक आहे. शब्दाशब्दाला पर्याय शोधत ज्याने आयुष्य घालवले, त्याला मराठीच्या उंबऱ्याबाहेर उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ख्रिस्ती घर म्हणजे अर्धे परके घर, हा समज तर आमच्याच जिल्ह्यातले एक पुस्तक कायमचा पुसून टाकते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आली. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. पण कादंबरीकाराने हेवा करावा असे घर त्यात उभे आहे, आणि त्यातला मोठा काळ नगर आणि राहुरी इथला आहे. कोल्हारहून नगरकडे निघालेली एसटी ज्या राहुरीत थांबते, त्या राहुरीत टिळक दांपत्याचा ख्रिस्ती संसार झाला.

या पुस्तकातले सोवळे पाहा. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या नादाने इतके पछाडलेले होते की बाजारातून आलेली प्रत्येक गोष्ट धुतल्याखेरीज घरात घेत नसत. १८५७च्या धामधुमीत सासरे फासावर गेल्याच्या धक्क्यानंतर ते असे झाले. त्या घरातली मुलगी वाढते, लग्न होते आणि १८९५ साली तिचा नवरा नारायण वामन टिळक बाप्तिस्मा घेतो. मग काही वर्षांची ताटातूट. पुन्हा एकत्र आल्यावरही ती आपले पाणी वेगळे ठेवते, आपले अन्न आपण शिजवते, नवऱ्याच्या घरात राहून ब्राह्मणपण सांभाळते. एके दिवशी तिच्या मनात प्रश्न उभा राहतो की ही जात देवाने केली की माणसाने. उत्तर सापडते तेव्हा ती कोणाच्याही हातचे खायला तयार होते. इथे कोणी पाद्री तिला प्रवचन देत नाही. पाण्याचा तांब्या, चूल, शिवाशिव या बायकांच्या रोजच्या जगातच तिचे धर्मांतर घडते. बाप्तिस्म्याचा विधी नंतरचा.

हे वाचून ज्याला ‘प्रचार’ दिसतो त्याने पुस्तक पुन्हा वाचावे. लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचा संतापी स्वभाव लपवला नाही, त्याचा अव्यवहारीपणा लपवला नाही, मिशनऱ्यांशी झालेले खटके लपवले नाहीत. त्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहून गेले. मराठी कवितेतला सर्वांत हळवा निसर्गकवी ज्या घरात जेवला, रुसला आणि पुन्हा परत आला, ते घर परके कसे? विजया मेहता यांनी ‘स्मृतिचित्रे’ दूरदर्शनच्या पडद्यावर आणले आणि सुहास जोशी यांनी ते एकटीच्या बळावर रंगमंचावर उभे केले. प्रेक्षकांनी त्यात आपली आजी पाहिली.

आता दुसरा आक्षेप, म्हणजे अभंग आणि कीर्तन हे गळ असल्याचा. यात एक ऐतिहासिक तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात कीर्तनाला जवळ केले तेव्हा गावोगाव संदेश पोचवणे हा हेतू होताच. पण ज्यांनी ही कीर्तने रचली आणि गायली ते इथलेच लोक होते. नगरचे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या गायक-रचनाकारांच्या गळ्यात राग आणि लोकचाली लहानपणापासून होत्या. बाप्तिस्मा घेतल्यावर माणसाचा गळा बदलत नाही. त्याने जे ऐकले तेच तो गाणार. तबला-पेटी-टाळ ही त्याची वाद्ये होती, आणि आजही या भागातल्या उपासना मंदिरांत रविवारी तीच वाजतात.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत तर गळाचा आरोप मुळीच टिकत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतः सांगत. ज्याला तुकोबा हे साधन वाटले असते, त्याने ख्रिस्त भेटल्यावर पूल मोडून टाकला असता. टिळक मात्र मरेपर्यंत अभंगच लिहीत राहिले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगण्याचा ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा मोठा संकल्प त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला आणि तो पुढे लक्ष्मीबाईंनी तडीस नेला. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला त्या दरबाराचे दार उघडे होते. धर्मांतरितांचा आकडा वाढवणे हेच ज्याचे ध्येय आहे, तो बाप्तिस्म्याची अट सैल करत नाही आणि हातचा पगारही सोडत नाही.

शिवाय हे काही टिळकांपासून सुरू झालेले नाही. १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून आले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने लिहिला, आणि त्याला साचा मिळाला तो ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे. चारशे वर्षांहून जुन्या परंपरेला युक्ती म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप माझ्या जिवाला जास्त लागतो, कारण तो घरातून येतो. नाताळात मुलांनी नाटुकले बसवले, त्यात सिनेमाच्या चालीवर गाणे घेतले, की मंडळीत कुरबुर सुरू होते. मुलगा टॉकीजला जातो म्हणून त्याच्या विश्वासाबद्दल शंका घेतली जाते. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडून विचारतो की तुम्ही आपल्याच जिल्ह्याचा इतिहास का विसरता?

शाहू मोडक नगरचे, जन्म १९१८चा, घर ख्रिस्ती. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये चौदा वर्षांचा हा मुलगा कृष्ण झाला. पुढची कित्येक वर्षे भारतीय पडद्यावर कृष्ण म्हटले की शाहू मोडकच डोळ्यांपुढे यायचे. १९३९ साली शांतारामबापूंच्या ‘माणूस’मध्ये ते साधे पोलीस शिपाई झाले आणि १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानोबा झाले. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. हिंदू आणि मुसलमान दिग्दर्शक, ख्रिस्ती घरातला नट, आणि कथा आळंदीच्या माउलीची. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या नेवाशाकडे वाहत जाणारी प्रवरा आधी आमच्या कोल्हारच्या घाटाला लागते. त्याच जिल्ह्यातला एक ख्रिस्ती मुलगा ज्ञानेश्वर साकारतो आणि महाराष्ट्र त्याला मनापासून स्वीकारतो. यात कोणाची श्रद्धा बुडाली?

याच्या उलट बाजूची गोष्टही तितकीच खरी आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या अनुभवातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि भारतीय सिनेमा जन्मला. फाळक्यांनी ख्रिस्त पाहून धर्म सोडला नाही. मोडकांनी कृष्ण केला म्हणून त्यांना कोणी बाटलेले म्हटले नाही. लोककला आणि सिनेमा यांनी या राज्यात अनेकदा जे जमवले ते धर्मपीठांना जमले नाही. म्हणून मंडळीतल्या मुलाने सिनेमा मन लावून पाहिला, त्यातल्या चांगल्या-वाईटावर वाद घातला, गावच्या यात्रेत रात्रभर वगनाट्य पाहिले, तर त्याला दटावू नका. उद्याचा कादंबरीकार तिथेच घडतो. माणसे कशी बोलतात, कशाला हसतात, कुठे गप्प होतात हे त्याला उपदेशाच्या पुस्तकात मिळणार नाही. येशूने स्वतः दाखले दिले ते पेरणी करणाऱ्याचे, हरवलेल्या मेंढराचे, लग्नाच्या जेवणाचे. त्यानेही लोकांच्या ओळखीच्या गोष्टींतूनच शिकवले.

या भागातल्या साध्या माणसाला हे केव्हाच कळलेले आहे. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. यात्रेआधीचे नऊ दिवस नोव्हेना चालते. मग काळ्या मातीच्या ओल्या रस्त्यांनी श्रीरामपूर, राहाता, नेवासे, वैजापूरकडची माणसे येतात, त्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. बायका नवस फेडायला येतात, लेकरे पाळण्यात बसतात, मेणबत्त्यांच्या दुकानाशेजारी खेळण्यांचे आणि भेळीचे दुकान असते. भक्ती आणि जत्रा यांच्यात तिथे कुंपण नसते. आमच्या कोल्हारच्या भगवतीच्या यात्रेलाही हेच दिसते. मराठी माणसाची श्रद्धा ही अशी गजबजलेली आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसाची त्याहून वेगळी असण्याचे कारण नाही. त्याचे आडनाव साळवे, गायकवाड, कदम असते, नाताळात त्याच्या घरी शंकरपाळे आणि करंज्या होतात, आणि त्याच्या भजनाला ठेका भजनी असतो.

एवढे सगळे असूनही २०१९ साली काय झाले ते आठवा. उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आणि एका धर्मगुरूला हे पद कसे, असा गदारोळ उठला. साहित्य महामंडळाकडे धमक्यांचे फोन गेले. हा माणूस कोण होता? वसईच्या नंदाखालचा शेतकऱ्याचा मुलगा. ‘सुवार्ता’ मासिकाचा दीर्घकाळ संपादक. वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी ‘हरित वसई’ चळवळ उभी करणारा. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा. ज्ञानोबा-तुकाराम त्यांच्या बोलण्यात सहज येत. त्यांच्या साहित्यगुणांवर कोणी वाद घातला असता तर तो रास्त ठरला असता. पण आक्षेप त्यांच्या झग्यावर होता. जानेवारी २०२०मध्ये ना. धों. महानोर यांच्या हस्ते संमेलनाचे उद्घाटन झाले आणि पाठदुखीने बेजार असूनही फादर अध्यक्षस्थानी बसले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्याआधी एकही ख्रिस्ती लेखक त्या खुर्चीत बसला नव्हता. ज्या भाषेत पहिली कादंबरी ख्रिस्ती लेखकाने लिहिली, त्या भाषेच्या संमेलनाला हे सुचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

या दुजाभावाचे नुकसान एकट्या ख्रिस्ती समाजाचे होत नाही. नगरला १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’ने १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा निबंध छापला. अस्पृश्यांचे दुःख एका मुलीने स्वतः मांडलेला तो निबंध आज सर्वत्र आदराने वाचला जातो. तो जपला गेला कारण एका ख्रिस्ती नियतकालिकाने त्याला जागा दिली. ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हणजे प्रचार, असे म्हणून ही कपाटे बंद ठेवली तर आणखी किती मुक्ता त्यात पडून राहतील?

म्हणून माझे म्हणणे तिघांपुढे स्पष्ट ठेवतो. मराठीच्या प्राध्यापकांनो, ‘यमुनापर्यटन’ प्रश्नपत्रिकेतल्या एका ओळीच्या उत्तरापुरते ठेवू नका. ते हरिभाऊंच्या कादंबरीसोबत वर्गात वाचा आणि दोन्ही यमुनांची तुलना विद्यार्थ्यांनाच करू द्या. अभंगात कावा शोधणाऱ्यांनो, टिळकांचा एक अभंग नाव झाकून वाचा आणि मग मत द्या. आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनो, आपल्या मुलांना बायबलसोबत कादंबऱ्या द्या, नाटक करू द्या, सिनेमावर बोलू द्या. प्रवरेच्या काठावरून पुढचा पद्मनजी किंवा पुढची लक्ष्मीबाई उभी राहायची असेल, तर तिला आपल्या विश्वासाची आणि आपल्या आवडीची दोन्हींची लाज वाटता कामा नये. तेवढी मोकळीक देणे आपल्या हातात आहे. ती द्या.